मसावि, पासबुक आणि सहा बाइटांची रक्कम: बंद फॉरमॅटची फाइल कशी उलगडायची

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. नव्वदच्या दशकात कुणीतरी त्यांना बचत ठेवींचं, डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. पुढे संगणक बदलले, नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्यात फक्त चालू खाती चढवली गेली. बऱ्याच वर्षांनी वारसाच्या एका भांडणात जुनी खतावणी हवी झाली, तेव्हा कपाटातून तीन फ्लॉपी निघाल्या. सॉफ्टवेअर लिहिणारा कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मूळ कोड नाही, माहितीपुस्तिका नाही. एका फ्लॉपीवर प्रोग्राम होता. तो डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सुरूही झाला, पण एका वेळी एकच खातं दाखवायचा आणि छापायचं म्हटलं की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मागायचा. दोन हजारांवर खाती अशी एकेक उघडून कोण उतरवून घेणार?

म्हणून फाइलच वाचायची ठरवली. ती वाचताना जे केलं, जिथे फसलो आणि दुसऱ्यांदा करायचं झालं तर कोणत्या क्रमाने करीन, ते इथे लिहितो. फाइल पतसंस्थेची आहे, पण पद्धत हवामान यंत्राच्या नोंदींना, प्रयोगशाळेतल्या उपकरणाला किंवा जुन्या हजेरी यंत्रालाही तशीच लागू पडते.

एक खुलासा आधी करतो. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, बाइट षोडशमान पद्धतीत दिसतात. इथे मी ते साध्या दशमानात, म्हणजे ० ते २५५ असे लिहिले आहेत. पायथनमध्ये बाइटांची यादी छापली की ते असेच दिसतात, आणि डोक्यात गणित करायलाही हे बरं पडतं.

मूळ फाइलीला हात लावू नका

फ्लॉपी घालण्याआधी तिच्या कोपऱ्यातली खिडकी सरकवून उघडी करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा घ्या. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा १४,७४,५६० बाइटांची भरते. कमी भरली तर काहीतरी वाचायचं राहिलंय. खराब सेक्टर असतील तर प्रतिमा घेणाऱ्या साध्या 'डीडी' आज्ञेऐवजी डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगला भाग आधी उचलतं आणि वाईट भागाकडे नंतर वळतं. प्रतिमेचा एसएचए-२५६ (एक बाइट बदलला तरी बदलणारा, फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून वहीत लिहून ठेवा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा. प्रकरण कोर्टात जाणारं असेल तर ही वही फार उपयोगी पडते.

कायद्याचंही इथेच सांगतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२(१)मध्ये १९९९च्या दुरुस्तीने 'एबी' हे उपकलम आलं. प्रोग्राम कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याने स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती मिळवणं, हा त्या उपकलमानुसार हक्कभंग ठरत नाही. अट अशी की ती माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसावी. युरोपात तर २०१२ साली सॅस इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की डेटा फाइलीच्या फॉरमॅटला प्रोग्रामचा कॉपीराइट लागत नाही. तरीही सॉफ्टवेअर घेताना काही करार झाला असेल तर तो वाचा, आणि ज्यांचा डेटा आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. मी संस्थेच्या लेटरहेडवर घेतली.

ही खरंच अनोळखी फाइल आहे का?

पुष्कळदा नसते. एक्स्टेन्शन बदललेली नेहमीचीच फाइल असते आणि आपण उगाच कंबर कसून बसतो. लिनक्सवरची 'फाइल' नावाची आज्ञा आधी चालवा, मग पहिले काही बाइट स्वतः पाहा. ८० ७५ ३ ४ असतील तर ती झिप आहे. ३१ १३९ असतील तर जीझिप. २०८ २०७ १७ २२४ असतील तर मायक्रोसॉफ्टचा जुना संयुक्त फॉरमॅट, ज्यात २००७ पूर्वीच्या वर्ड-एक्सेलच्या फायली असायच्या. सुरुवातीला 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' असा मजकूरच दिसला तर काम संपलं.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त सापडते ती डीबेस किंवा फॉक्सप्रोची डीबीएफ. तिचा पहिला बाइट बहुधा ३ असतो. पुढचे तीन म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, वर्षातून १९०० वजा करून: ९७ ८ १५. त्यापुढे चार बाइटांत नोंदींची संख्या. बत्तिसाव्या बाइटापासून प्रत्येक रकान्याचं बत्तीस-बत्तीस बाइटांचं वर्णन. हे दिसलं तर तयार वाचक वापरा, नवा लिहू नका.

फाइलभर शून्य ते २५५ सगळे बाइट सारख्या प्रमाणात विखुरलेले दिसले तर ती संकुचित किंवा कूटबद्ध आहे आणि मामला वेगळा. माझ्या फाइलीत शून्यांचे पट्टेच्या पट्टे होते आणि मधूनमधून इंग्रजी मोठ्या अक्षरांत आडनावं दिसत होती. हे चांगलं लक्षण.

मसावि काढा

शाळेत मसावि शिकलो तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. तो इथे आहे.

जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची असे. तीन फ्लॉपींवर एकाच फाइलीच्या तीन वेगवेगळ्या वेळच्या प्रती होत्या: १,४७,२९० बाइट, १,४९,१७५ बाइट आणि १,५०,६७० बाइट. फाइलीच्या सुरुवातीला वेगळं शीर्षक असेल तर त्याची लांबी तिन्हींत सारखीच असणार, म्हणून आकारांचा नव्हे तर आकारांमधल्या फरकांचा मसावि काढायचा. फरक १,८८५ आणि १,४९५. पहिल्याचे अवयव ५ × १३ × २९, दुसऱ्याचे ५ × १३ × २३. मसावि ६५.

म्हणजे नोंद ६५ बाइटांची. (किंवा ६५च्या एखाद्या अवयवाची, पण तेरा बाइटांत नाव-गाव-शिल्लक मावणार नाही.) तिन्ही आकारांना ६५ने पूर्ण भाग जातो, म्हणजे वेगळं शीर्षकही नाही. सगळ्यात नव्या फाइलीत २,३१८ नोंदी.

आता हेक्स एडिटरमध्ये ओळीची रुंदी ६५ करा. हे काम बहुतेक एडिटर करतात, मी इमहेक्स वापरलं. रुंदी बरोबर बसली की जादू झाल्यासारखं सगळं उभ्या रेषांत येतं. नावाखाली नाव, गावाखाली गाव, शून्यांखाली शून्यं. रुंदी एकने चुकली तर तेच तिरपं घसरत जातं. एकच फाइल असेल आणि मसाविला वाव नसेल, तर रुंदी एकेक वाढवत ही तिरप सरळ होईपर्यंत बघत राहायचं. वेळ लागतो, पण जमतं.

पहिली नोंद माणसाची नव्हती

फाइलीचे पहिले दोन बाइट होते १३ आणि ९. मजकुराच्या भाषेत १३ म्हणजे ओळ संपल्याची खूण आणि ९ म्हणजे टॅब. त्यामुळे फाइल कधीतरी मजकूर म्हणून उघडून कुणी बिघडवली असावी, असा माझा समज झाला आणि पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

दुसऱ्या फ्लॉपीवर त्याच जागी २४६ आणि ८ होते, तिसरीवर २१७ आणि ८. इंटेल घराण्याचे प्रोसेसर मोठा आकडा लिहिताना धाकटा बाइट आधी ठेवतात. म्हणून दुसऱ्या बाइटाला २५६ने गुणून त्यात पहिला मिळवायचा: ९ × २५६ + १३ = २,३१७. दुसरीत २,२९४. तिसरीत २,२६५. तिन्ही ठिकाणी हा आकडा नोंदींच्या संख्येपेक्षा बरोबर एकने कमी!

म्हणजे पहिली नोंद हीच शीर्षकाचं काम करत होती. तिच्यात शेवटचा दिलेला खातेक्रमांक, आणि नावाच्या जागी संस्थेचं नाव. खरी खाती दुसऱ्या नोंदीपासून सुरू. त्या काळातल्या प्रोग्रामरची ही आवडती युक्ती होती, शून्यावी नोंद स्वतःच्या हिशेबाला ठेवायची. एकच प्रत हाती असती तर मला हे कळायला किती दिवस लागले असते कोण जाणे. म्हणून कुणाकडूनही फाइल घेताना मी आता पहिल्यांदा विचारतो, 'जुने बॅकअप आहेत का?'

नावं, आणि एक न जन्मलेला सभासद

नोंदीत तिसऱ्या जागेपासून (शून्यापासून मोजलं तर दुसऱ्या) नाव सुरू होत होतं. एका नोंदीत असं होतं:

५ ७५ ६५ ६८ ६५ ७७ ६५ ७८ ६८ ६९ ० ० ०

पहिला ५ सोडून बाकीची अक्षरं लावली तर 'कदमांडे' असं काहीतरी होतं. कदमबांडे हे आडनाव ऐकलेलं असल्यामुळे मला ते खपून गेलं. स्पेलिंग चुकलं असेल म्हटलं. मग असे आणखी दिसायला लागले: 'मोरेकर', 'जाधवणे', 'शिंदेळकर'. एवढ्या चमत्कारिक आडनावांचं गाव असू शकत नाही.

पहिला ५ ही लांबी होती. पाच अक्षरं खरी: कदम. पुढची चार अक्षरं त्याच जागेत आधी बसलेल्या 'देशपांडे' या नावाची शेपूट. इंग्रजीतल्या नऊ अक्षरांवर पाच अक्षरं लिहिली, उरलेली चार कुणी पुसलीच नाहीत. टर्बो पास्कल या भाषेत मजकूर असाच साठतो: आधी लांबीचा एक बाइट, मग ठरलेली जागा, आणि लांबीपलीकडे जे काही उरलं असेल ते. सी भाषेत याच्या उलट, मजकूर संपला की शून्य बाइट येतो. डीबीएफमध्ये उरलेली जागा मोकळ्या जागेच्या खुणेने, ३२ने, भरतात. तिन्ही रीती ओळखता आल्या पाहिजेत.

हा पास्कलचा वास आल्यावर मी जे केलं ते खरं तर पहिल्या तासात करायला हवं होतं. प्रोग्रामच्या फाइलीवर 'स्ट्रिंग्ज' ही आज्ञा चालवली. आत बोरलँड कंपनीची कॉपीराइटची ओळ आणि 'रनटाइम एरर' हे शब्द सापडले. बोरलँडचं टर्बो पास्कल. प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिलाय हे कळलं की मजकूर, आकडे, तारखा कशा साठल्या असतील याचे पर्याय दहाहून दोनवर येतात. मी हे उशिरा केलं, आणि त्याची किंमत पुढच्या रकान्यात मोजली.

शिल्लक: सगळ्यात अवघड सहा बाइट

नाव आणि गाव बसल्यावर शेवटी अकरा बाइट उरले. त्यातच कुठेतरी तारीख आणि शिल्लक.

दोन दिवस मी शिल्लक चार बाइटांचा पूर्णांक म्हणून वाचून पाहिली, पैशांत असेल म्हणून शंभराने भागून पाहिली, चार बाइटांची दशांश संख्या, आठ बाइटांची दशांश संख्या, सगळं. एकदाही शहाणा आकडा आला नाही. शेवटी संस्थेतून निवृत्त झालेल्या रोखपालांकडे गेलो. त्यांना म्हटलं, "काका, ज्या खात्याची शिल्लक तुम्हाला पक्की माहीत आहे असं एखादं खातं सांगा."

ते म्हणाले, "पक्की म्हणजे? अहो, खातं उघडून पुन्हा कधी न फिरकलेले कितीतरी आहेत. सुरुवातीला आम्ही पाचशेच्या पटीतच ठेव घ्यायचो. ही घ्या पासबुकं, लोक न्यायलाच आले नाहीत."

पासबुकं चार. ती खाती फाइलीत शोधली आणि त्या अकरा बाइटांतले मधले सहा एकाखाली एक लिहिले:

१०० रुपये: १३५ ० ० ० ० ७२
५०० रुपये: १३७ ० ० ० ० १२२
१,००० रुपये: १३८ ० ० ० ० १२२
२,००० रुपये: १३९ ० ० ० ० १२२

(शंभराचं खातं एका विद्यार्थ्याचं होतं, त्याला सूट मिळाली होती.)

खालच्या तीन ओळींकडे बघा. रक्कम दुप्पट झाली की पहिला बाइट एकने वाढतो, शेवटचा जागचा हलत नाही. दुप्पट केल्यावर एकने वाढणारी गोष्ट म्हणजे दोनाचा घातांक. पहिला बाइट घातांक, उरलेले पाच अपूर्णांक. हे टर्बो पास्कलचं सहा बाइटी 'रिअल'. बोरलँडनेच पुढे डेल्फी ४मध्ये 'रिअल' आठ बाइटांचं केलं आणि या जुन्याला रिअल४८ असं नाव दिलं. आजच्या कुठल्याही प्रोसेसरला हा प्रकार स्वतःहून वाचता येत नाही, म्हणून माझे सगळे नेहमीचे प्रयोग वाया गेले.

वाचायची रीत अशी. पहिला बाइट ० असेल तर रक्कम शून्य. नाहीतर त्यातून १२९ वजा करा, हा घातांक. शेवटच्या बाइटातला सर्वांत वरचा बिट म्हणजे चिन्ह: बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर रक्कम ऋण, आणि मग त्यातून १२८ वजा करून पुढे जायचं. उरलेले ३९ बिट हा अपूर्णांक, मागून पुढे वाचायचा. त्यात १ मिळवा आणि दोनाच्या त्या घाताने गुणा.

पाचशेवर करून बघू. १३७ − १२९ = ८. शेवटचा बाइट १२२, त्याला १२८ने भागलं की ०.९५३१२५. एक मिळवला, १.९५३१२५. दोनाचा आठवा घात २५६. गुणाकार ५००. मी त्या रात्री हे कागदावर तीनदा केलं, खरंच येतंय ना म्हणून.

पैसे असले की काय होतं तेही पाहून ठेवा. १,२५०.७५ रुपये असे दिसतात: १३९ ० ० ० ८८ २८. पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक दोनाच्या घातांत नेमके बसतात, म्हणून शून्यं उरतात. पण १,२५०.१० लिहिलं तर सगळे बाइट भरून जातात, कारण एक दशांश दोनाच्या घातांत कधीच नेमका बसत नाही. त्यामुळे वाचल्यावर आलेली रक्कम शंभराने गुणून जवळच्या पूर्णांकात आणा आणि पुढचा सगळा हिशेब पैशांच्या पूर्णांकात करा. चाळीस बिटांची अचूकता अकरा आकड्यांना आरामात पुरते, आणि आजच्या आठ बाइटी दशांश संख्येत ती काहीही न सांडता मावते.

यातून घ्यायची रीत: उत्तर आधी माहीत असलेल्या नोंदी गोळा करा, आणि त्यात साध्या नात्याच्या रकमा निवडा. दुप्पट, दहापट, शून्य, ऋण. गुंतागुंतीची एक रक्कम काहीच सांगत नाही.

तारीख

दोन बाइटांत तारीख म्हणजे दोनच शक्यता जास्त करून. एक, कुठल्या तरी दिवसापासून मोजलेले दिवस. दुसरी, डॉसची बांधलेली तारीख: वर्षातून १९८० वजा करून ७ बिट, महिन्याला ४, दिवसाला ५.

ओळखायची सोपी युक्ती आहे. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीला उघडलेली दोन खाती शोधा. दिवस मोजलेले असतील तर आकड्यांत फरक १ येईल. बांधलेली तारीख असेल तर २ येईल, कारण प्रत्येक महिन्याला ३२ जागा असतात आणि त्यातली शून्य तारखेची जागा रिकामी राहते. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीत हाच फरक १३० येतो. माझ्याकडे १५ आणि ३५ अशी जोडी होती: ३५ × २५६ + १५ = ८,९७५, म्हणजे १७ वर्षं, ८वा महिना, १५ तारीख. १५ ऑगस्ट १९९७, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचा दिवस. त्या तारखेला तीसेक खाती होती. सुट्टीच्या दिवशी खाती कशी, म्हणून दचकलो. काकांनी सांगितलं, झेंडावंदनानंतर खास मोहीम घेतली होती.

दिवस मोजलेले निघाले तर आरंभाचा दिवस शोधावा लागतो. १ जानेवारी १९७० (युनिक्स), ३० डिसेंबर १८९९ (डेल्फी) हे नेहमीचे. एक्सेलच्या १९००पासूनच्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस धरलेला आहे, त्याने एकाचा घोळ होतो.

प्रश्न विचारायला प्रोग्रामच वापरा

सांबाचा (विंडोजशी फायलींची देवाणघेवाण करू देणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचा) जनक अँड्र्यू ट्रिजेलने आपल्या पद्धतीला फ्रेंच उपाहारगृहाची उपमा दिली होती: भाषा येत नसताना कोपऱ्यात बसायचं आणि गिऱ्हाईक काय म्हणतं, वेटर काय आणतो हे ऐकत राहायचं. मूळ प्रोग्राम चालत असेल तर आपणही गिऱ्हाईक होऊ शकतो.

डॉसबॉक्समध्ये प्रतीवर प्रोग्राम चालवा. फाइल बाजूला ठेवा, एकच गोष्ट बदला, जतन करा, दोन फायली ताडून पाहा. एकच गोष्ट, हे महत्त्वाचं. नाव आणि गाव दोन्ही बदललंत तर तुमचा प्रयोग फुकट. ताडायला 'सीएमपी' ही आज्ञा 'एल' या पर्यायासह चालते, पण ती बाइटांच्या जागा एकपासून मोजते आणि किमती अष्टमानात छापते. हेक्स एडिटर शून्यापासून मोजतो. या दोघांच्या भांडणात माझे काही तास गेले, तुमचे जाऊ देऊ नका.

एक रुपया बदलल्यावर दोन दूरच्या जागी बाइट बदलले तर एक तपासबेरीज (डेटा बिघडला नाही ना हे ताडायला त्यावरूनच काढून ठेवलेला आकडा) असण्याची शक्यता धरा. आधी सगळ्या बाइटांची बेरीज २५६ने भागून उरणारी बाकी पाहा, मग एक्सऑर, मग सीआरसी. सीआरसीसाठी 'सीआरसी रेव्हएंग' हे साधन तयार आहे. आपल्याला फक्त वाचायचंच असेल तर ही गोष्ट न सुटल्यानेही काही अडत नाही. अनुक्रमणिकेच्या वेगळ्या फायलीही सोडून द्या. त्या मूळ डेटावरून बनलेल्या असतात, त्यांत नवं काही नसतं.

मराठी मजकूर असेल तर

माझ्याकडच्या दुसऱ्या एका फाइलीत व्यवहाराचा तपशील मराठीत होता. तिथे १६०च्या वरचे बाइट दिसायला लागले की दोन शक्यता तपासा. पहिली इस्की, म्हणजे भारतीय मानक १३१९४, १९९१ सालचं. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर त्याचा प्रसार झाला. त्यात 'पुणे' हा शब्द २०० २२१ १९३ २२५ असा येतो: प, उकार, ण, मात्रा. उच्चाराच्या क्रमाने. युनिकोडची भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली असल्यामुळे रूपांतर जवळपास एकास एक होतं, आणि आयसीयू या लायब्ररीत ते तयार मिळतं. दुसरी शक्यता फॉन्टची: तिथे प्रत्येक बाइट हा अक्षर नसून आकार असतो.

फरक ओळखायला 'दिनांक' शोधा, तो शब्द हिशेबात असतोच. ह्रस्व वेलांटीचा बाइट 'द'च्या नंतर आला तर इस्की, आधी आला तर फॉन्ट. फॉन्ट निघाला तर त्या फॉन्टचा तक्ता स्वतः बनवावा लागतो, आणि तो लेखाचा वेगळा विषय आहे. काहीही असो, रूपांतर झाल्यावर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द वेगळे राहतात ना, ते पाहा. बहुतेक घरगुती रूपांतरक इथेच आपटतात.

डॉसवर आणखी एक भानगड असते. आयबीएमच्या मूळ संचात १७६ ते २२३ या जागी चौकटी काढायच्या रेषा होत्या, आणि त्या शाबूत राहाव्यात म्हणून इस्कीची पीसीसाठी वेगळी मांडणीही निघाली. चारपाच ओळखीचे शब्द हाताने लावून पाहिल्याशिवाय कोणता तक्ता लागू आहे हे ठरवू नका.

आधी मांडणी लिहा, मग पार्सर

कोडकडे धावू नका. सापडलेलं आधी साध्या भाषेत लिहा. माझी त्या वेळची मांडणी अशी होती, जागा शून्यापासून:

० ते १: खातेक्रमांक, धाकटा बाइट आधी
२: नावाची लांबी, ३ ते ३२: नाव
३३: गावाची लांबी, ३४ ते ५३: गाव
५४ ते ५५: खातं उघडल्याची तारीख, डॉस पद्धत
५६ ते ६१: शिल्लक, रिअल४८
६२ ते ६३: अज्ञात
६४: खुणांचे बिट

हीच मांडणी कैताई स्ट्रक्टच्या वर्णनभाषेत लिहिली तर त्यातून पायथन, जावा, सी++ अशा अनेक भाषांतले वाचक आपोआप तयार होतात. रिअल४८ त्याला माहीत नाही, तेवढा भाग हाताने लिहावा लागतो. मी शेवटी नुसत्या पायथनमध्येच लिहिलं, दीडशे ओळींत झालं.

पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा आपला प्रोग्राम, संशयी असू द्या. नावाची लांबी ३०पेक्षा जास्त आली तर अंदाज बांधू नका, नोंदीचा क्रमांक सांगून थांबा. तेरावा महिना आला तर तारीख रिकामी ठेवून मूळ आकडा शेजारी द्या. फाइलीला ६५ने भाग जात नसेल तर शेवटची अर्धी नोंद गुपचूप गिळू नका. अज्ञात बाइट आणि नावांच्या शेपटासुद्धा आहेत तशा जपा. मग एक फार चांगली परीक्षा घेता येते: फाइल वाचा, वाचलेल्यावरून परत लिहा, आणि दोन्ही बाइटन्‌बाइट सारख्या आल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात तीन नोंदी वेगळ्या आल्या. त्यांत ऋण शिल्लक होती आणि मी चिन्हाचा बिट परत बसवायला विसरलो होतो.

पण ही परीक्षा पास होऊनही अर्थ चुकलेला असू शकतो. त्यासाठी बाहेरचा आकडा लागतो, आणि हिशेबाच्या बाबतीत तो शतकानुशतकं तयार आहे: तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलका जुळवणारा तक्ता. त्या मार्चअखेरीच्या तेरजेतली बचत ठेवींची रक्कम आणि माझी बेरीज यांत बारा हजार पाचशेंचा फरक आला, माझी जास्त. ६४व्या बाइटात ज्यांचा पहिला बिट चढलेला होता अशी खाती वेगळी काढली, त्यांची बेरीज नेमकी बारा हजार पाचशे. बंद केलेली खाती. प्रोग्राम ती पुसत नव्हता, नुसती खूण करत होता, आणि शिल्लक शून्य करायचं विसरत होता.

६२ आणि ६३ मी तारीख समजून बसलो होतो, पण त्यातून एकही खरी तारीख निघेना. सगळे आकडे लहान, चोविसाच्या आतले. काकांना नुसता आकडा सांगितला तर ते लगेच म्हणाले, "पासबुकात छापलेली शेवटची ओळ. पुढच्या वेळी कुठून छापायचं ते त्याला कळायला नको का?"

बाहेर देताना

मांडणीचा लेख आणि पार्सर वेगवेगळे ठेवा, दोन्हींना खुला परवाना द्या. उद्या कुणी दुसऱ्या भाषेत लिहील, त्याला तुमचा कोड नको असेल, मांडणी हवी असेल. कोणत्या गोष्टी प्रयोगाने सिद्ध आहेत आणि कोणत्या अंदाजाने, हे प्रत्येक रकान्यापुढे लिहा. चाचणीसाठी नमुना फायली लागतात. त्या खऱ्या सभासदांच्या कधीही देऊ नका, नावं बदलूनही नाही, कारण शेपटांमध्ये जुनी नावं शिल्लक असतात. डॉसबॉक्समध्ये रिकाम्या फाइलीपासून 'अअअअ', 'बबबब' अशा नावांची खाती उघडून नमुना बनवा. शून्य, ऋण, पूर्ण ३० अक्षरी नाव, बंद खातं, असं प्रत्येकी एक तरी त्यात असू द्या.

माझ्या मांडणीत एक जागा अजून मोकळी आहे. ६४व्या बाइटातला चौथा बिट अकरा खात्यांत चढलेला आहे. ही खाती वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या वर्षांची, काही चालू, काही बंद. प्रोग्रामच्या कुठल्याही मेनूतून तो बिट चढवता येत नाही, आणि काकांनाही त्या अकरा नावांत काही साम्य दिसलं नाही. मांडणीत तिथे 'अज्ञात' लिहिलं आहे, आणि पार्सर तो बिट आहे तसा बाहेर देतो.